एमजीबीचा हीटर ब्लोअर दर हिवाळ्यात मंद पडतो? मोटार काढण्याआधी अर्थिंग मोजा

माझी गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, निगेटिव्ह अर्थची (म्हणजे बॅटरीचं मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेलं आणि करंट बॉडीतूनच परत येणारा), चार फ्यूजच्या पेटीची. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि ही गाडी हिवाळ्यातही चालवतो. इथल्या ओल्या थंडीत दोन माणसं आत बसली की नुसत्या श्वासाने समोरची काच आतून पांढरी होते. अशा वेळी ब्लोअर, म्हणजे काचेवर हीटरचा गरम वारा फेकणारा पंखा, बंद असेल तर एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात स्टिअरिंग अशी पाळी येते. हे धोक्याचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

लक्षण असं होतं: स्विच दाबला की ब्लोअर सुरू व्हायचा, पण रडतखडत. हेडलाइट आणि वायपर लावले की आणखी मंद. इंडिकेटर दिला की टिकटिकही संथ व्हायची आणि ब्लोअर बंद केला की पूर्ववत. काही दिवशी ब्लोअर सुरूच होत नसे, आणि डॅशबोर्डवर हात आपटला की हलकेच फिरू लागे.

पहिल्या हिवाळ्यात मी फ्यूज काढला, नवा घातला आणि ब्लोअर जोरात चालू लागला. फ्यूजच खराब होता असं वाटलं आणि विषय संपला. दुसऱ्या डिसेंबरात पुन्हा तेच. या वेळी फ्यूज बदलूनही फरक पडेना, तेव्हा मोटारच थकली असं ठरवून दुरुस्त केलेली मोटार मागवली. एमजीबीत ही मोटार बदलायला हीटरची पेटी उतरवावी लागत नाही. इंजिनाच्या बाजूने पेटीवर तीन स्क्रूंनी ती बसवलेली असते. दोन वायरी सोडवल्या, तीन स्क्रू काढले, जुनी बाहेर, नवी आत. ब्लोअर पुन्हा ठणठणीत! आणि तिसऱ्या डिसेंबरात ती नवी मोटारही जुनीसारखीच रेंगाळू लागली.

त्या महिन्यात बाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. मी तिसरी मोटार मागवायच्या विचारात होतो. बाबांनी ब्लोअरचा आवाज ऐकला आणि विचारलं, "मोटारीवर किती व्होल्ट मिळतात?"

"बारा. मी मोजलेत."

"फिरताना मोजलेस, की वायर सोडवून?"

वायर सोडवून मोजले होते. सगळी गोम तिथेच होती.

वायर सोडवून घेतलेलं माप का फसवतं

मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे वाटेत गंजलेला, केसाएवढ्या जागेवर टेकलेला सांधा असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणारच. अडथळ्यावर व्होल्टेज पडायला त्यातून करंट वाहावा लागतो. मोटार जोडलेली नसेल तर करंट नाही, आणि करंट नाही तर अडथळा दिसत नाही. ओहममध्ये मोजलं तरी हीच अडचण येते. मीटर फार थोडा करंट सोडून मोजतो. दहा तारांपैकी एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा त्याला धडधाकट वाटते. मोटारीला मात्र दोन-तीन अँपिअर हवे असतात.

म्हणून नियम एकच: मोटार जोडलेली, स्विच चालू, पंखा फिरतोय, आणि त्या अवस्थेत माप. बाबांच्या भाषेत, "विजेला जायला जेवढी वाट लागते तेवढीच परत यायलाही लागते. तू फक्त जायची वाट बघतोस."

आणखी एक गोष्ट त्यांनी लक्षात आणून दिली, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. फ्यूज बदलल्यावर ब्लोअर सुधारला तो नव्या फ्यूजमुळे नाही. जुना ओढून काढताना आणि नवा दाबून बसवताना फ्यूजच्या पितळी चिमट्यांवरचा काळा थर खरवडला गेला, त्यामुळे. मोटार बदलल्यावर सुधारला तोही नव्या मोटारीमुळे नाही, तर वायरींचे बुलेट कनेक्टर (गोळीसारखी टोकं नळीत दाबून बसवायचे जोड) ओढून पुन्हा बसवले म्हणून. दोन्ही वेळा मी नकळत सांधे घासून स्वच्छ केले आणि श्रेय नव्या पार्टला दिलं. वर्षभर गाडीत ओल मुरली, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी उडत राहिलं, आणि वर्षाने सांधे पुन्हा तसेच झाले. दुखणं "दर हिवाळ्यात" परतायचं ते यामुळे. हिवाळ्यात दिवे, वायपर, ब्लोअर सगळंच एकदम चालू असतं, त्यामुळे कमतरता जाणवतेही तेव्हाच.

तेव्हा काहीही हलवण्याआधी, ओढण्याआधी, पुसण्याआधी मोजा. एकदा सांधा हलला की पुरावा गेला.

आम्ही कसं मोजलं

आधी एक सावधगिरी. या गाड्यांत पॉइंटवाली इग्निशन असते, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे धातूचे दोन संपर्क. इंजिन बंद आणि चावी चालू अशा अवस्थेत पॉइंट मिटलेले राहिले तर इग्निशन कॉइलमधून सतत करंट वाहतो आणि ती तापून खराब होऊ शकते. म्हणून एक तर इंजिन चालू ठेवून मोजा (गॅरेजचं दार उघडं ठेवून, इंजिनाच्या पंख्याच्या पात्यापासून वायरी लांब ठेवून), किंवा कॉइलकडे जाणारी पांढरी वायर तात्पुरती काढून तिचं टोक नीट झाका.

दुसरी अडचण एमजीबीचीच. बॅटरी पुढे नसते, सीटच्या मागे तळाला असते. माझ्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. मीटरच्या तारा तिथपर्यंत पोचणार नाहीत. आम्ही चार मीटर वायर घेतली, दोन्ही टोकांना चिमटे लावले. त्या वायरीतून फक्त मीटरचाच करंट जाणार, त्यामुळे ती बारीक असली तरी चालते.

गाडी उभी, इंजिन जरा चढ्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता फिरण्याच्या वेगावर), ब्लोअर चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.९ व्होल्ट. मोटारीच्या दोन वायरींमध्ये, कनेक्टरच्या मोटारीकडच्या बाजूला, ९.६ व्होल्ट. म्हणजे ४.३ व्होल्ट वाटेतच कुठेतरी जात होते.

मग ती हानी दोन भागांत वाटली. बॅटरीच्या प्लसपासून मोटारीच्या स्विचकडून येणाऱ्या वायरीपर्यंत: १.५ व्होल्ट. मोटारीच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: २.८ व्होल्ट. दोन्हींची बेरीज ४.३, म्हणजे माप बरोबर. या दुसऱ्या बाजूला खरं तर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट असायला हवेत. पुरवठ्याच्या बाजूला स्विच आणि फ्यूज येत असल्यामुळे अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो.

मोटार तेव्हा २.३ अँपिअर घेत होती. २.८ व्होल्टला २.३ ने भागलं की अर्थिंगच्या वाटेत सव्वा ओहमच्या आसपास अडथळा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २.८ गुणिले २.३ म्हणजे सहा वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या सांध्यांतच मुरत होती, आणि उष्णतेने सांधा आणखी काळवंडतो.

आता बाबांची मूळ युक्ती. एक जाड वायर बॅटरीच्या मायनसला घट्ट लावली आणि तिचं दुसरं टोक ब्लोअर चालू असतानाच मोटारीच्या काळ्या वायरीच्या कनेक्टरवर टेकवलं. आवाज क्षणात चढला! बाबा एवढंच म्हणाले, "झालं. मोटारीला काही झालेलं नाही." ही चाचणी कोणीही करू शकतं आणि ती करायला मीटरही लागत नाही. फक्त ती वायर चुकून मोटारीच्या दुसऱ्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला लागू देऊ नका. ते सरळ शॉर्ट सर्किट होईल. या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या रंगपद्धतीत इग्निशनवरून फ्यूजमार्गे येणारी वायर हिरव्या घराण्यातली असते, त्यावर कामाप्रमाणे दुसऱ्या रंगाची रेघ असते, आणि अर्थ नेहमी काळी. पण पन्नास वर्षांत किती हातांनी वायरी बदलल्या असतील याचा भरवसा नाही, तेव्हा रंगावर विसंबू नका, मोजून खात्री करा.

ही जाड वायर लावलेली असताना पुन्हा मोजलं. अर्थची हानी ०.१ वर आली, मोटारीला ११.९ व्होल्ट मिळू लागले. पण पुरवठ्याच्या बाजूची हानी १.५ वरून १.९ झाली. बिघडलं काहीच नव्हतं. मोटार आता जास्त करंट घेत होती, जवळपास २.९ अँपिअर, आणि त्याच जुन्या अडथळ्यातून तो जात असल्यामुळे हानी वाढली. हे ठाऊक नसेल तर माणूस गोंधळतो की अर्थ सुधारला आणि दुसरीकडे नवा दोष कुठून आला. म्हणून एक बाजू दुरुस्त केली की दुसरी परत मोजायची.

हानी नेमकी कुठे

आता मीटरच्या तारा टप्प्याटप्प्याने सरकवायच्या. एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. चांगल्या सांध्यावर मीटर शून्याच्या आसपास राहतो.

अर्थच्या २.८ पैकी ०.९ व्होल्ट मोटारीजवळच्या बुलेट कनेक्टरमध्ये होते. बाहेरून तो सुरेख दिसत होता. रबरी नळी कापली तेव्हा आत हिरवट काळी पूड निघाली. तब्बल १.८ व्होल्ट काळ्या वायरीचं थिंबल (वायरीच्या टोकाचं, स्क्रूखाली कसायचं धातूचं कडं) आणि गाडीची बॉडी यांच्यात होते. उरलेला ०.१ बॉडीपासून बॅटरीपर्यंत, तो ठीक.

थिंबलाची गोष्ट वाचण्यासारखी आहे, कारण रंगकाम झालेल्या प्रत्येक जुन्या गाडीत ती घडू शकते. आधीच्या मालकाने गाडीला अप्रतिम रंग लावून घेतला होता. रंगाऱ्याने स्क्रू काढून सगळीकडे जाड थर दिला आणि वर थिंबल परत कसलं. थिंबलाखाली पत्रा नव्हताच, रंग होता. करंट फक्त स्क्रूच्या आट्यांमधून जात होता आणि त्या आट्या गंजलेल्या. डॅशबोर्डवर हात आपटला की ब्लोअर का सुरू व्हायचा त्याचं उत्तर इथे मिळालं.

पुरवठ्याच्या बाजूला: फ्यूजपेटीत ०.८, चावीच्या स्विचमध्ये ०.२, ब्लोअरच्या स्विचमध्ये ०.२, बुलेटमध्ये ०.३. फ्यूजपेटीचे चिमटे मी चकाचक घासले होते, तरी ०.८? दोष चिमट्यात नव्हता, पेटीच्या मागच्या बाजूला चिमटा आणि वायरीची पट्टी यांना जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये होता. ल्युकसच्या या पेट्यांमध्ये तो हमखास सापडतो आणि पुढून दिसत नाही. ब्लोअरबरोबर इंडिकेटरही मंदावत होते ते यामुळेच, कारण दोघांचा पुरवठा त्याच हिरव्या सर्किटवरून येतो. तुमच्याकडे ब्लोअर लावल्यावर इंडिकेटरची गती बदलत असेल तर अर्थिंगबरोबर फ्यूजपेटीकडेही बघा. नुसता ब्लोअरच मंद असेल तर मोटारीच्या जवळपास शोधा.

दुरुस्ती

बॅटरीचं मायनस काढून मगच सुरुवात. आम्ही जुन्या थिंबलाची डागडुजी केली नाही, मोटारीसाठी स्वतंत्र अर्थ वायर टाकली. २ चौरस मिलिमीटरची काळी वायर, क्रिम्प केलेलं (दाबून आवळलेलं) थिंबल, त्यावर गरम करून आवळणारी नळी. बिंदू निवडला बॉडीवरच्या जाड पत्र्याचा. हीटरच्या पेटीचे स्क्रू सोयीचे वाटतात, पण पेटी स्वतः स्पंजच्या पट्ट्यांवर आणि रंगावर बसलेली असते, तिच्यावर अर्थसाठी विसंबू नये असं माझं मत आहे.

थिंबलाच्या आकाराएवढाच रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. पत्रा चंदेरी दिसला पाहिजे, करडा नाही. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये दातेरी वायसर, त्यावर नवा बोल्ट, पान्ह्याने घट्ट. ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं ते कसून झाल्यावर, वरून, पाणी शिरू नये म्हणून. उघड्या राहिलेल्या पत्र्याच्या कडेला रंगाचा हात द्या, नाहीतर तिथून गंज सुरू होईल.

दोन्ही बुलेट कापून नवे लावले. फ्यूजपेटी नवी घातली. रिव्हेटवर सोल्डर टाकून जुनी पेटी वाचवता येते, पण तिचं प्लास्टिक ठिसूळ झालं होतं. फ्यूज मात्र मूळच्याच जातीचा घ्या. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते तो कुठे उडतो त्याचं माप आहे. सतत वाहण्यासाठी तो १७ अँपिअरचा. इतर पद्धतीचा ३५ चा फ्यूज तिथे बसवलात तर तो ३५ अँपिअर सतत वाहू देईल, आणि फ्यूजच्या आधी वायर जळेल.

रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोटारीला थेट बॅटरीवरून पुरवठा देणारा स्विच) बसवावा का असं अनेक जण विचारतात. सांधे स्वच्छ केल्यावर गरज उरली तर जरूर बसवा. आधीच बसवलात तर गंजका रिव्हेट तिथेच राहील आणि उद्या ब्रेकचे दिवे मंद करील.

शेवटचं माप: बॅटरी १३.९, अर्थची हानी ०.१, पुरवठ्याची ०.५, मोटारीला १३.३ व्होल्ट आणि ३.३ अँपिअर.

मोटारच खराब असेल तर

तसंही होतं. मोटारीच्या वायरींवर पूर्ण व्होल्टेज मिळतंय आणि तरी ती मंद आहे, तेव्हाच मोटारीला दोष द्या. मग करंट मोजा. व्होल्टेज पूर्ण आणि करंट नेहमीपेक्षा जास्त असेल तर काहीतरी तिला अडवतंय: कोरडे बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी), वाकलेला पंखा, किंवा हीटरच्या पेटीत शिरलेली पानं. काचेसमोरच्या जाळीतून पानं आत जातात. तिथल्या पाण्याच्या निचऱ्याची रबरी नळी तुंबली तर पाणीही पेटीत उतरतं. व्होल्टेज पूर्ण आणि करंट फार कमी किंवा शून्य असेल तर कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे) झिजलेले किंवा कम्युटेटर (ते ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडलेला. बोटाने पंख्याला धक्का दिल्यावर सुरू होणारी मोटार बहुधा या दुसऱ्या गटातली.

टेबलावर तपासताना मोटार पकडीत घट्ट धरा, वायरीत १० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मगच बॅटरी लावा. सुरू होताना ती जोरात झटका देते. बुशवर पातळ मशीन ऑइलचा एक थेंब पुरतो. जास्त तेल ब्रशवर उतरलं तर नवं दुखणं.

१९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. त्यातल्या अनेक नंतर निगेटिव्ह अर्थवर बदलल्या गेल्या. मोटार कायम चुंबकाची असेल आणि तिच्या दोन वायरींची अदलाबदल करायची राहिली असेल, तर ती उलटी फिरते. आवाज येतो, पंखा फिरतो, पण वारा नीट येत नाही. आत चुंबकाऐवजी फील्डची गुंडाळी असलेली मोटार मात्र बॅटरीची टोकं बदलली तरी त्याच दिशेने फिरते.

ज्या गाड्यांत मोटारीला एकच वायर असते, तिथे मोटारीचं कवच हेच अर्थ असतं. तिथे जाड वायर कवचाला लावून हीच चाचणी करायची आणि पत्र्याला टेकणारी बैठक घासायची.

ही पद्धत फक्त ब्लोअरपुरती नाही. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा अँबॅसिडर जपलेली आहे, त्यांच्या वायपरला, हॉर्नला, हेडलाइटला ती तशीच लागू पडते. आणि इंजिनाची अर्थ पट्टी तर प्रत्येकाने मोजावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ती पट्टी तुटली तर स्टार्टरचा प्रचंड करंट चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल हाताला चटका बसण्याइतकी तापते. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी स्टार्टर फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी आणि तिचे बोल्ट बघा.

सांगलीला परतण्याआधी बाबांनी वर्षभर फडताळात पडलेली मूळची मोटार मागून घेतली. टेबलावर लावली, तेलाचा थेंब दिला, ब्रश बघितले; निम्म्याहून जास्त शिल्लक होते. आता गाडीत तीच आहे. थिंबलावर मी पिवळ्या रंगाचा ठिपका दिलाय आणि दर ऑक्टोबरात, काहीही न हलवता, तिथलं माप घेतो. तीन ऑक्टोबर झाले, मीटर ०.१ वरच आहे.